गवती चहाच्या डब्यातला रहिवासी

गिरगाव,
बुधवार, ३० मार्च १९६०

सौ. नलिनी रघुवीर मथुरे हिस,

रविवार, दिनांक २७ मार्च १९६०, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. या वेळी तू माझ्या खोलीला बाहेरून कुलूप लावून, भरलेली पिशवी घेऊन जिना उतरलीस. वेळ मी अंदाजाने लिहीत नाही. शेजारच्या मीराबाईंनी वरणाला आधण ठेवताना घड्याळ पाहिलं होतं. मी वाचनालयातून परतले तर त्या दारातच उभ्या.

"तुमची भैण इलेली," त्या म्हणाल्या. "कुलूप उघडल्यान, आत अर्धो तास खुडबूड केल्यान, नि पिशवी भरून चलती झाली. माका वाटला, तुमचा आता जमला."

"जमलेलं नाही," मी म्हटलं.

"मगे ती चोरी म्हणूची," त्या म्हणाल्या आणि आनंदाने वरण पाहायला गेल्या.

आईला जाऊन आठ महिने झाले आणि त्यातले सात महिने तू नि मी बोलत नाही. असं असताना आईने दिलेली किल्ली तू अजून जवळ बाळगतेस, हा पहिला गुन्हा. रविवारी साडेदहा ते बारा मी वाचनालयात असते हे ठाऊक असून नेमकी तीच वेळ गाठलीस, हा दुसरा. गुढीसाठी आईचा तांब्या नेलास, त्याबद्दल तक्रार नाही. पण फडताळ पुसून त्यात नवं वर्तमानपत्र अंथरायला तुला कोणी सांगितलं होतं? जुन्यातलं शब्दकोडं माझं अर्धं राहिलं होतं.

खाजाच्या कानवल्यांचा डबा ठेवून गेलीस. ते मी खाल्लेले नाहीत. चार खाल्ले, तेही बिघडलेत की काय हे पाहायला. बिघडलेले नव्हते.

आता मुख्य गुन्हा. फडताळाच्या तिसऱ्या फळीवर हळद, जिरं, मोहरी, आणि मोहरीच्या मागे पेल्यात उभ्या ठेवलेल्या कापसाच्या बुचांच्या सात काचनळ्या होत्या. त्या नाहीत. तुला वाटलं असणार, ताईचा चायना ग्रास बिघडला. नलिनी, एकतीस वर्षं मी परळच्या प्रयोगशाळेत मातीतले सूक्ष्म जीव निवडत होते. चायना ग्रासच्या जेलीवर ते वाढवतात, हे तुला शंभरदा सांगितलं आहे. त्या नळ्यांत असा एक जीव होता, जो अजून जगात कोणाला ठाऊक नाही. तो मला सापडला. प्रयोगशाळेतल्या त्याच्या सगळ्या नळ्या गेल्या फेब्रुवारीत फ्रीजची मोटर जळून बुरशीने खाल्ल्या. उरल्या होत्या त्या माझ्या सात.

आमचे डॉक्टर हेमचंद्र ३० एप्रिलच्या विमानाने परदेशी परिषदेला जात आहेत. या जिवाची जिवंत नळी तिथे हातावर ठेवली तर नवी जात म्हणून तिची नोंद होईल. नाही ठेवली तर आम्ही नुसत्या गप्पा मारल्या असं होईल. एकतीस वर्षांत माझ्या हातून सापडलेली ही एकच गोष्ट आहे.

नळ्या असतील त्या अवस्थेत शनिवारपर्यंत परत कर.

सुमेधा टिपणीस


गिरगाव,
सोमवार, ४ एप्रिल १९६०

नलिनी,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी. "नळ्या माझ्याकडे आहेत. सोड्याने स्वच्छ धुतल्या. यांच्या होमिओपॅथीच्या गोळ्यांना छान झाल्या. कानवल्यांत जायफळ जास्त झालं होतं का?" मोजल्या तर चार होतात, पण चौथी विषयाला सोडून आहे.

जायफळ बरोबर होतं.

सोड्याने धुतल्या! कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर अगाथा म्हणायच्या की स्वच्छता हा देवाच्या शेजारचा सद्गुण आहे. त्यांना मी आज भेटले तर सांगेन की माझी एक बहीण दादरला राहते आणि ती देवाच्या घरात शिरून त्याचं फडताळ आवरून आली.

तू विचारशील, एवढं काय त्या शेवाळ्याचं. तर ऐक. त्या घराण्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस. ते मातीत राहतं. बुरशीसारखं तंतू पसरतं, पण बुरशी नव्हे, जंतूच. नव्या माठात पहिल्यांदा पाणी भरल्यावर जो वास येतो ना, तसाच वास या मंडळींच्या नळीचं बूच काढलं की येतो. घराणं आपल्या टिपणिसांसारखंच मोठं आहे आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. ग्रिसियस राखाडी, दिसायला अगदी सामान्य, आणि क्षयावरचं औषध त्यानेच दिलं. ऑरिओफेशियन्स सोनेरी, त्याचंही औषध बाजारात आहे. एक निळा आहे, दिसायला देखणा आणि कामाला शून्य. आपले नाशिकचे काका आठव. कोणाला रंगावरून नाव, कोणाला गावावरून. व्हेनेझुएलातल्या मातीत सापडला त्याचं नाव व्हेनेझुएली, आणि टायफॉइडला आज आपण जे औषध घेतो ते त्याचं.

रघुवीररावांना पन्नास साली क्षय झाला तेव्हा नव्वद इंजेक्शनं दिली होती, आठवतं? तू रोज सकाळी मोजायचीस आणि आई देवापुढे साखर ठेवायची. ती नव्वद इंजेक्शनं म्हणजे हेच घराणं. तुझ्या नवऱ्याचा जीव त्यांनी वाचवला आणि त्यांच्याच भाऊबंदाला हुसकून त्या जागी तू साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या भरल्यास.

माझा जीव काय देईल ते मला ठाऊक नाही. जेलीच्या काचथाळीत टायफॉइडच्या जंतूंना तो बोटभर लांब ठेवतो, एवढं मी पाहिलं आहे. बाकीचं पाहायला तो जिवंत हवा.

म्हणून एकच प्रश्न विचारते आणि त्याचं उत्तर कार्डावर नको, पाकिटातून पाठव. नळ्या धुण्याआधी आतलं जे होतं ते तू कुठे टाकलंस? मोरीत? कचऱ्यात? की आणखी कुठे? आठवून लिही.

सुमेधा


गिरगाव,
शुक्रवार, ८ एप्रिल १९६०

नलू,

तुझं पत्र दुपारी आलं. ते वाचून मी इतकी हसले की मीराबाई पोळपाट घेऊनच धावत आल्या.

तू लिहितेस: "आतली जेली आमसुलाच्या रंगाची झाली होती. विणायच्या सुईने उकरून काढली आणि आईच्या गवती चहाच्या डब्यात घातली. चुलीवरून उतरलेलं काही कचऱ्यात टाकायचं नाही, हे तू विसरलीस, मी नाही."

नाही गं, विसरले नाही. चहाचा चोथा, तांदळाचं धुवण, मासे धुतलेलं पाणी, सगळं गॅलरीतल्या त्या डब्यात. वडील म्हणायचे, या घरात माणसांपेक्षा गवती चहाचं जेवण चौरस असतं. तेलाचा गंजका डबा, वरून अर्धवट कापलेला, आणि त्यात पंचवीस वर्षं तेच गवत. त्याच डब्यासाठी आपण गेल्या सप्टेंबरात भांडलो. मी म्हटलं, आईची खोली माझ्याकडे तर खोलीतला डबाही माझा. तू म्हणालीस, दादरहून येऊन येऊन गवताला पाणी मी घालत होते. मग तू तो टॅक्सीत घालून दादरला नेलास आणि मी वरून ओरडले की पुन्हा तोंड दाखवू नकोस. बिऱ्हाडं एकोणीस, सगळ्यांनी ऐकलं.

आता मला एक गोष्ट तुला सांगायची आहे. कॉन्व्हेंटमधल्या मुली पडद्यामागच्या फादरना आपली पापं सांगत. आपण हिंदू, आपल्याला ती सोय नव्हती. म्हणून तुला सांगते.

छप्पन्नच्या जानेवारीत मुंबई केंद्राच्या ताब्यात देणार म्हणून शहर पेटलं होतं, ते आठव. संचारबंदी होती. कोपऱ्यावर गोळ्या झाडलेल्या ऐकू आल्या, आणि आई दार लावून, "सुमे, गॅलरीत जाऊ नकोस," म्हणत बसली होती. आमच्या प्रयोगशाळेत तेव्हा असा शिरस्ता होता की दर सोमवारी प्रत्येकाने चमचाभर माती आणायची, जिथे गेला असाल तिथली. कोणी लोणावळ्याची आणायचं, कोणी महाबळेश्वरची. मी कधीच कुठे जात नसे. आणि त्या आठवड्यात तर जिना उतरायची चोरी. म्हणून आई झोपल्यावर दुपारी गॅलरीत बसून सरकत गेले आणि तिच्या गवती चहाच्या मुळाशी चमचा घातला.

पण नोंदवहीत "आईचा तेलाचा डबा, गिरगाव" असं लिहायची मला लाज वाटली. शेजारच्या रकान्यांत सगळे डोंगर नि तळी. मी लिहिलं: माथेरान.

आणि त्याच मातीतून तो निघाला, नलू. सहाव्या दिवशी थाळीत एक राखाडी टिकली आणि तिच्याभोवती जेलीत कोकमाच्या आगळासारखा रंग पाझरलेला. डॉक्टर धावत आले. म्हणाले, "मिस टिपणीस, हा कुठला?" मी म्हटलं, माथेरानचा. चार वर्षं तो माथेरानचाच आहे. नावही ठरलं आहे, माथेरानेन्सिस.

फेब्रुवारीत प्रयोगशाळेतले जीव मेले तेव्हा डॉक्टर स्वतः माथेरानला गेले, नवी माती आणायला. दोनदा. हाती लागली लाल माती.

तेव्हाच मी माझ्या सात नळ्या नेऊन द्यायला हव्या होत्या. पण त्या मी अठ्ठावन्नला निवृत्तीच्या दिवशी जेवणाच्या डब्यातून न विचारता घरी आणल्या होत्या. दर दोन महिन्यांनी ताजी जेली करून त्यांचं बी नव्या नळीत पेरायचे. एकटीच्या घरात काहीतरी वाढत असलेलं बरं वाटतं. द्यायच्या म्हणजे चोरी कबूल करायची, आणि चोरी कबूल करताना माथेरानही निघालं असतं. पाडव्याच्या मुहूर्तावर देऊ असं ठरवलं, आणि आदल्या दिवशी तू आलीस.

पण तू काय केलंस ते तुला कळलं का? तू त्याला माहेरी पोचवलंस! उकळलं असतंस, जाळलं असतंस तर संपला होता. मातीत पडला म्हणजे सुखरूप आहे. शिवाय मूळचे त्याचे भाऊबंदही तिथेच असणार. आता फक्त चमचाभर माती हवी.

रविवारी सकाळी आमच्या प्रयोगशाळेतले गुणाजी येतील. तीस वर्षं काचसामान धुतात आणि माझ्यापेक्षा त्यांचा हात स्वच्छ आहे. त्यांच्याजवळ उकळलेली बाटली नि चमचा असेल. तू मातीला हात लावू नकोस. फक्त दार उघड.

तुझी,
ताई


गिरगाव,
सोमवार, ११ एप्रिल १९६०

नलिनी,

गुणाजी रिकाम्या हाताने आले. रिकाम्या म्हणजे मातीपुरते रिकामे. बाकी त्यांच्या पोटात गवती चहा दोन कप, बेसनाचा लाडू एक आणि तुझ्या घरचा सगळा वृत्तांत होता, तो त्यांनी माझ्या उंबरठ्यावर बसून सांगितला.

"बाई, तुमच्या बहीण म्हणाल्या, माती देणार न्हाई."

"का?"

"म्हणाल्या, माथेरानच्या जिवाची माती दादरला कशी असंल? आधी ताईला म्हणावं, त्या डॉक्टरांना खरं सांग. मग न्या म्हणाल्या, चमचा कशाला, घमेलं भरून न्या."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"लाडू तोंडात होता, बाई."

रघुवीररावांनी काय तोड सुचवली तेही समजलं. म्हणे, डब्यावर दोघी बहिणींचा हक्क, तर तूर्त डबा केंद्रशासित करावा. त्यांना सांग, मुंबईसाठी ही तोड काढली होती तेव्हा काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. येत्या एक तारखेला महाराष्ट्राचं राज्य व्हायचं आहे. मुंबई कोणाची हा प्रश्न सुटला आणि डबा कोणाचा हा सुटेना, अशी आपली स्थिती आहे.

तू मला अडवून धरलंस याचा मला संताप आला होता, आणि तोच मी गुणाजींपुढे काढत होते. म्हटलं, चार वर्षांनी आता मी डॉक्टरांपुढे कोणतं तोंड घेऊन जाऊ? त्यांचा केवढा विश्वास आहे माझ्यावर! माथेरानवर कोणी शंका घेतली नाही आजवर.

गुणाजी बाटली रुमालात गुंडाळत होते. खाली बघूनच म्हणाले, "बाई, एक बोलू? राग येऊ देऊ नका. त्या आठवड्यात गाड्या बंद होत्या. बसगाड्या जळत होत्या. मी स्वतः लालबागच्या नाक्यावर लाठी खाल्ली, हा बघा खांदा अजून पावसाळ्यात दुखतो. तुम्ही माथेरानला गेलात कशा? चालत?"

नलू, चार वर्षं! चार वर्षं त्या माणसाला ठाऊक होतं. नोंदवही दर शनिवारी तोच पुसून कपाटात ठेवतो.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही कधी खोटं लिहीत न्हाई, बाई. एकदा लिहिलं तर म्हटलं, असंल काही कारण." मग म्हणाले, "पण डॉक्टरांबरोबर माथेरानला दोनदा मीच गेलो. माकडांनी माझी भाकर नेली. तवा मात्र वाटलं, बाईंनी आता सांगावं."

मी उठून फडताळ उघडलं. कानवल्यांच्या डब्यातले दोन त्यांना दिले. (होय, उरले आहेत.)

तू मला कोणत्याही अटी घालू शकत नाहीस, हे लक्षात ठेव. मी तुझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी आहे. उद्या अकरा वाजता मी परळला डॉक्टरांकडे जात आहे, ते माझ्या स्वतःच्या मनाने.

सुमेधा


गिरगाव,
गुरुवार, १४ एप्रिल १९६०

नलू,

मंगळवारचं आधी सांगते.

डॉक्टर हेमचंद्रांच्या खोलीत मी उभीच राहिले. बसले असते तर धीर सुटला असता. शाळेत सिस्टर अगाथांपुढे हात पुढे करून पट्टीची वाट पाहायचो, तशी. सगळं सांगितलं. डबा, चमचा, माथेरान, जेवणाच्या डब्यातून नेलेल्या नळ्या, विणायची सुई.

त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले. मग म्हणाले, "मिस टिपणीस, मी दुसऱ्या खेपेला घोड्यावरून पडलो."

मी म्हटलं, "ऐकलं मी. वाईट वाटलं."

"किती वाटलं?"

"पाडव्याला नळ्या आणून द्यायचं ठरवलं, इतकं."

तेव्हा ते हसले. पण लगेच गंभीर झाले, आणि ते मला हसण्यापेक्षा बरं वाटलं. म्हणाले, "नोंदवही खोटी असेल तर आपण जे जे करतो ते खोटं. हे तुम्हीच माझ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला शिकवलंत. ती ओळ तुम्ही स्वतःच्या हाताने खोडायची, खाली खरं लिहायचं आणि सही करायची. जीव सापडला तरी, नाही सापडला तरी." मी कबूल केलं. नळ्यांबद्दल म्हणाले, "ती चोरी झाली. पण तुम्ही ती चांगली केली नाहीत. चौदा न्यायला हव्या होत्या."

आणि काल संध्याकाळी मी दार उघडलं तर रघुवीरराव! दोन जिने चढून धापा टाकत होते आणि त्यांच्या छातीशी आईचा डबा, गवतासकट. गवत त्यांच्या नाकात गेलं होतं आणि ते शिंकत होते.

"तिने पाठवलाय," ते म्हणाले. "चमचा नाही, बाटली नाही, अख्खा डबा. म्हणाली, ताईला कुठल्या कोपऱ्यातली माती लागेल मला काय ठाऊक."

"ती स्वतः का नाही आली?"

"खाली टॅक्सीत बसलीय. तोंड दाखवू नकोस म्हणून तुम्हीच बजावलंत ना."

मी गॅलरीत धावले. टॅक्सी निघत होती. तुझा फक्त हात दिसला, खिडकीबाहेर, आईच्या पाटल्या घातलेला. रघुवीररावांना मग ट्रामने जावं लागलं. त्यांनी तक्रार केली नाही, पण तू थांबायला हवं होतंस. त्यांच्यासाठी.

आज बाबासाहेबांची जयंती. गुणाजींच्या परळच्या चाळीत सकाळपासून निळे झेंडे लागले आहेत, आणि बौद्ध झाल्यापासून हा त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. तरी मिरवणुकीच्या आधी दोन तास, नवा पांढरा सदरा घालून ते प्रयोगशाळेत आले. चमचाभर माती पाण्यात ढवळायची, त्यातला थेंब नव्या पाण्यात, त्यातला थेंब पुन्हा नव्या पाण्यात, असं करत करत लाखांतले दहा-वीस जीव उरतात, ते थाळीवर पसरायचे. माझा हात थरथरतो हल्ली. ते नळी धरत होते, मी थेंब सोडत होते. चाळीस थाळ्या घातल्या आहेत.

आईच्या त्या डब्यात अक्षरशः सगळं गाव आहे, नलू. चमचाभर मातीत कोट्यवधी. त्यातला एक ओळखायचा तो फक्त आमसुली रंगावरून. आता सहा दिवस वाट पाहणं. सोळा दिवसांनी विमान.

गवताला पाणी किती घालायचं ते तू लिहिलं नाहीस.

ताई


गिरगाव,
मंगळवार, २६ एप्रिल १९६०

नलू,

अडतीस थाळ्यांत काही नव्हतं. पांढरे, पिवळे, करडे, सगळे ओळखीचे. एकोणचाळिसावी थाळी गुणाजींनी उजेडाकडे धरली आणि काही न बोलता माझ्या हातात दिली.

कडेला राखाडी टिकली. भोवती कोकमाच्या आगळाचा रंग.

मी खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. गुणाजी म्हणाले, "बाई, माकडांनी भाकर नेली ती वसूल झाली." डॉक्टर आले, भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "गुड मॉर्निंग." मला नव्हे. थाळीला.

त्यावरून सुटा जीव नव्या नळ्यांत पेरला. काल तोही आमसुली झाला. तोच आहे, निर्भेळ. नळ्या यावेळी चौदा केल्या आहेत, आणि त्यातल्या दोन डॉक्टरांच्या सहीच्या चिठ्ठीसह माझ्या फडताळात मोहरीच्या मागे आहेत. त्यांवर मी लाल शाईने लिहिलं आहे: नलूने हात लावू नये.

तो तू सुईने उकरून घातलेल्यांतला आहे, की आईच्या वेळचा मूळचाच, हे आता कोणी सांगू शकणार नाही. दोन्ही एकच. मला हे आवडलं.

नावाचं उरलं. माथेरान गेलं. डॉक्टर म्हणाले, शोधणाऱ्याचं नाव द्यायची रीत आहे, तुमचंच देऊ. विनय हा मोठा गुण असं सिस्टर अगाथा सांगायच्या, म्हणून मी लगेच नाही म्हटलं. मग घरी येऊन दोन दिवस ते नाव कागदावर लिहून पाहिलं. साधारण चाळीस वेळा. दिसायला फार छान दिसतं.

पण मला तो नुसता दिसला, नलू. त्याला पंचवीस वर्षं जेवू घातलं ते बकुळाबाई टिपणिसांनी. चहाचा चोथा, तांदळाचं धुवण, मासे धुतलेलं पाणी. म्हणून नाव आईचं द्यायचं. लॅटिनमध्ये शेवटी थोडी मोडतोड होईल, पण बकुळा ती बकुळाच. सातवी इयत्ताही न शिकलेल्या बाईचं नाव आता ग्रिसियस नि व्हेनेझुएलीच्या पंगतीत बसणार. तिला सांगितलं असतं तर म्हणाली असती, "जंतूला माझं नाव? दुसरं काही मिळालं नाही का?"

आता नोंदवही. माथेरानची ओळ मी काल खोडली. तिच्याखाली दोन रकाने भरायचे आहेत, आणि डॉक्टर शनिवारी निघण्यापूर्वी ते भरलेले हवेत. पहिला, माती कुठली. तिथे मी लिहिणार आहे: "तेलाच्या डब्यातला गवती चहा, गिरगाव, नंतर दादर." दुसरा रकाना, माती सध्या कोणाच्या ताब्यात. इथे काय लिहायचं यावर मी तीन दिवस विचार केला. शेवटी पेन्सिलीने लिहिलं आहे: "सौ. नलिनी रघुवीर मथुरे, दादर." वर्षानुवर्षं पाणी तू घातलंस. मी फक्त एकदा चमचा घातला, तोही आई झोपली असताना. शिवाय मी तेरा दिवस या गवताला पाणी घालते आहे आणि ते पिवळं पडत चाललं आहे. त्याला तूच हवीस.

पेन्सिलीवर शाई फिरवायला, डबा परत नेईन अशी तुझी लेखी संमती लागेल. नोंदवहीत या घराण्याकडून पुन्हा खोटं जाता कामा नये.

आणखी एक. तुझा कानवल्यांचा डबा रिकामा झाला. धुऊन ठेवला आहे, सोडा न घालता. रिकामा डबा परत द्यायचा नाही, ही आईचीच दुसरी शिकवण. त्यात घालायला मला जेलीखेरीज काही करता येत नाही हे तुला ठाऊक आहे. चायना ग्रास करते आहे, वेलची घालून. आमसुली होणार नाही याची हमी देते.

एक तारखेला रात्री इथे सगळ्या गॅलऱ्यांत पणत्या लावायच्या आहेत. मीराबाई विचारत होत्या, तुमच्या गॅलरीत कोण लावणार, तुमचा हात थरथरता. मी म्हटलं, बघू.

तर नमूद केलेली संमती, तुझ्या सहीने, शुक्रवार दिनांक २९ एप्रिल १९६०, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत माझ्या हाती पोचली पाहिजे. तोंडी चालणार नाही. तोंडी तू सगळं कबूल करतेस आणि मग विसरतेस. टपालाने पाठवलीस तर उत्तम. स्वतः आणून दिलीस तर किल्ली तुझ्याजवळ आहेच, पण या खेपेला मी वाचनालयात नसेन. आणि तोंड दाखवावं लागेल.

शुक्रवार. पाच वाजता. लेखी.

तुझी,
ताई